अक्षीचा दगड, वसईची तारीख आणि शोधनिबंध नावाची भानगड

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की नागावच्या आधी अक्षी लागतं. तिथल्या एका दगडावर कोरलेल्या ओळी मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून ओळखल्या जातात. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की त्या दगडाचा फोटो सगळ्या ग्रुपांवरून फिरतो आणि खाली कुणीतरी हटकून विचारतो, "हे ठरवलं कुणी?" विचारण्याचा सूर बहुतेक वेळा भांडणाचा असतो, पण प्रश्न चोख आहे. इतिहासातली किंवा समाजशास्त्रातली एखादी गोष्ट ठरते कशी, ती तपासतं कोण, छापतं कोण, आणि छापून झाल्यावर ती वाचायला आपल्याच खिशात हात का घालावा लागतो, हे इथे जमेल तितक्या साध्या भाषेत सांगतो. उदाहरणं आपल्या किनाऱ्यावरची घेतली आहेत, रीत मात्र जगभर साधारण हीच.

आधी दगडच बघू. लेखात केसीदेवराय असं राजाचं नाव येतं, त्याला पश्चिम समुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती म्हटलं आहे. भइर्जू सेणुई हा त्याचा महाप्रधान. पुढे ९३४ हा शकाचा आकडा आणि ‘प्रधावी’ असं संवत्सराचं नाव. साठ संवत्सरांच्या चक्रातलं हे परिधावी. आता घरात पंचांग असलेल्या कुणालाही करता येईल असा हिशेब करा. शकाच्या आकड्यात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. ९३४ आणि १२ मिळून ९४६, त्याला ६० ने भागून बाकी ४६. प्रभवपासून मोजत गेलात तर सेहेचाळिसावं नाव परिधावीच येतं. म्हणजे आकडा आणि नाव एकमेकांना धरून आहेत.

इतक्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण कोकणच्या शिलाहार राजघराण्यात केशिदेव दोन होऊन गेले. पहिला अरिकेसरी ऊर्फ केशिदेव, अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा. दुसरा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. दगड झिजलेला, अक्षरं लावायला अवघड, म्हणून काही अभ्यासकांना हा लेख दुसऱ्या केशिदेवाचा, म्हणजे सुमारे दोनशे वर्षांनंतरचा वाटतो. त्यांच्या मताला उत्तर देणाऱ्याने पुन्हा पंचांगच पुढे करायचं. परिधावी संवत्सर शके १११४ ला येतं, त्यानंतर थेट ११७४ ला. दुसऱ्या केशिदेवाची कारकीर्द या दोहोंच्या मध्ये पडते. त्यामुळे नंतरचा काळ मानायचा तर नुसता आकडा वेगळा वाचून चालत नाही, संवत्सराचं नावही वेगळं वाचावं लागतं. मला स्वतःला शके ९३४ पटतं. पण तुम्हाला पटावं असा माझा आग्रह नाही. तुम्ही ठसा (दगडावरच्या अक्षरांची कागदावर घेतलेली छाप) बघावा, अक्षरं लावावीत, आणि चूक दिसली तर दाखवावी, असा आग्रह आहे. संशोधनपर लेखन म्हणतात ते इतकंच मागतं. निष्कर्ष सांगताना, तिथवर कोणत्या वाटेने आलो ती वाट उघडी ठेवायची, म्हणजे मागून येणाऱ्याला चालून बघता येते.

या कामाला छापखाना लागला तो याचसाठी, आणि त्याही कथेत कोकण अगदी सुरुवातीला आहे. विल्यम जोन्सने १७८४ मध्ये कलकत्त्याला एशियाटिक सोसायटी काढली. तिच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाचा पहिला खंड १७८८ चा. त्या पहिल्याच खंडात ठाण्याला सापडलेल्या एका ताम्रपटाचं भाषांतर छापलेलं आहे. राजा अरिकेसरी, म्हणजे आपला पहिला केशिदेव, आणि काळ शके ९३९, पिंगल संवत्सर. वरचाच हिशेब लावून बघा. ९३९ अधिक १२ म्हणजे ९५१, बाकी ५१, आणि एकावन्नावं नाव पिंगल. १७८८ मध्ये कुणीतरी छापून ठेवलं म्हणून अक्षीच्या दगडाशी ते ताडून बघणं आज शक्य होतं. मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुढच्या शतकात दख्खनचा प्राचीन इतिहास लिहायला बसले, तेव्हा त्यांच्यासमोरही असेच छापलेले ताम्रपट आणि शिलालेख होते.

जुने कागद वाचणं ही त्याहून किचकट गोष्ट, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण ‘आमच्या घरी पेशव्यांची पत्रं आहेत’ हे वाक्य कोकणात दर चौथ्या वाड्यात ऐकू येतं.

वसईचा वेढा घ्या. चिमाजी आप्पांनी १७३९ च्या उन्हाळ्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतली, हे शाळेत शिकवतात. तारीख कोणती? काही पुस्तकांत ५ मे, काहींत १६ मे. दोन्ही बरोबर असू शकतात. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं. मुंबईतले इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यावर अडून बसले. अठराव्या शतकात या दोन कॅलेंडरांत ११ दिवसांचं अंतर होतं. गोव्याकडच्या कागदात जो १६ मे, तोच मुंबईच्या इंग्रजी पत्रात ५ मे. आपल्याकडच्या जुन्या इतिहासकारांनीही त्या काळातल्या तारखा बऱ्याचदा जुन्या कॅलेंडरातच दिल्या आहेत. तेव्हा दोन पुस्तकांत तारखा जुळत नाहीत म्हणून कुणाला खोटं पाडण्याआधी, मधला फरक ११ दिवसांचा आहे का ते पाहून घ्यावं.

मराठी कागदांची तऱ्हा आणखी निराळी. मोडी पत्राच्या शेवटी ‘छ’ असं अक्षर आणि पुढे एखादा आकडा दिसला, तर तो चांद्रमासातला दिवस, आणि मागोमाग मोहरम, सफर, रबिलावल असा महिना. वर्ष अरबी शब्दांत लिहिलेलं. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, एकूण ११३९. हे सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. दोन आकडे का, तर हे वर्ष मृगावर सुरू होतं. पावसाळ्यापासून डिसेंबरअखेरचा कागद असेल तर ५९९, जानेवारी ते मे असेल तर ६००. वसईच्या वेढ्यातल्या एप्रिल महिन्याच्या पत्रावर हेच ११३९ साल असायला हवं. शेतीचा हंगाम आणि सरकारी हिशेब एकत्र बांधणारी ही पद्धत सोयीची होती, पण एक महिना चुकला की अभ्यासकाचं अख्खं वर्ष चुकतं.

आणि हे कागद एका ठिकाणी कुठे आहेत? पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्यात. कंपनी सरकारचं दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि लंडनला. पोर्तुगीजांचं पणजीला आणि लिस्बनला. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिची पत्रं हेगला. उरलेलं खोतांच्या माळ्यावर, देवस्थानाच्या पेटीत आणि वाळवीच्या पोटात. कोकणच्या एका बंदराचा धड इतिहास लिहायचा तर मोडी, पोर्तुगीज, इंग्रजी, डच आणि थोडी फारसी यायला हवी. एका माणसाला हे सगळं येणं कठीण, म्हणून दुसऱ्याने छापलेल्या कागदांवर भिस्त ठेवावी लागते. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचं मोठेपण इथे आहे. रायगड जिल्ह्यातल्या वरसईत जन्मलेल्या या गृहस्थांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली आणि त्याचे बावीस खंड झाले. स्वतःची मतं त्यांनी प्रस्तावनांत ठासून मांडली, त्यातली पुष्कळशी आज कुणी मानत नाही. पण खाली मूळ पत्र छापलेलं असल्यामुळे, राजवाड्यांना खोडून काढायलासुद्धा राजवाड्यांचाच खंड उघडावा लागतो.

आता लेख तयार झाला असं समजा. दापोलीच्या एका प्राध्यापिकेने हर्णै बंदरावर अभ्यास केला आणि तो एखाद्या नामांकित नियतकालिकाला धाडला. पुढे काय होतं?

पहिल्यांदा संपादक चाळतो. आपल्या विषयात बसत नसेल, काही नवं नसेल, तर तिथूनच साभार परत. बसत असेल तर तो लेख त्या विषयातल्या दोघा-तिघा जाणकारांकडे जातो. लेखकाचं नाव त्यांना सांगत नाहीत, त्यांची नावं लेखकाला सांगत नाहीत. यालाच पिअर रिव्ह्यू म्हणतात. जाणकार चार पानं टिपणं लिहितात: अमुक कागद पाहिला का, तमुक मताचा विचार का केला नाही, या कोष्टकातली बेरीज जुळत नाही, तिसरं प्रकरण उडवा. लेखिका चार-सहा महिने त्यावर काम करते, पुन्हा पाठवते, कधी पुन्हा टिपणं येतात. धाडल्यापासून छापून येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. इतिहासात तर ते पटकन झालं असं समजतात.

या जाणकारांना पैसे मिळत नाहीत. लेखिकेलाही नाही. ज्यांच्या कष्टावर सगळा गाडा चालतो ते फुकट राबतात, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही, पण तसंच आहे.

नाव झाकण्याचंही फार कौतुक नको. आंग्र्यांच्या आरमारावर किंवा जंजिऱ्याच्या सिद्दींवर गंभीरपणे काम करणारी माणसं मोजकी. दोन पानं वाचली की लिहिणारा कोण ते ओळखू येतं, आणि आलेलं टिपण कुणाचं असणार याचा अंदाज लेखकालाही लागतो. मग जुनी भांडणं टिपणांतून डोकावतात, कधी मैत्रीही डोकावते. शिवाय जाणकार पणजीला जाऊन तो कागद पुन्हा वाचत नाही. लेखकाने दिलेला उतारा खरा मानून युक्तिवाद तपासतो. त्यामुळे पिअर रिव्ह्यू झालाय याचा अर्थ दोघा-तिघांना ढोबळ चूक सापडली नाही, एवढाच घ्यावा. पेटीवर ‘देवगड’ छापलेलं असलं तरी आतला आंबा कापून बघावाच लागतो.

समाजशास्त्रात, अर्थशास्त्रात कागदाच्या जागी बहुतेक वेळा माणसं आणि आकडे येतात, आणि फसायच्या जागा बदलतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. यावरून ‘कोकणात मुलींना मान आहे’ असं भाषण ठोकणारे पुढारी आपण ऐकले आहेत. पण त्याच जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली होती. माणसं वाढायच्या ऐवजी घटली, ती गेली कुठे? मुंबईला, ठाण्याला, विरारला. कमावत्या वयाचा पुरुष चाकरमानी होऊन बाहेर पडला, आई आणि बायको गावी राहिली, की हजारामागचा आकडा आपोआप फुगतो. मुलींना मान आहे की नाही हे बघायचं तर सहा वर्षांखालच्या मुला-मुलींचं प्रमाण वेगळं काढायला हवं, शाळा सोडण्याचं वय बघायला हवं, जमिनीच्या उताऱ्यावर कुणाची नावं आहेत ते बघायला हवं. एकाच आकड्याला किती निरनिराळे प्रश्न विचारता येतात, यावर समाजशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम उभा आहे.

उरलेला अर्धा, माणसांशी बोलायचं कसं यावर. समजा कुणी विद्यार्थी ‘मुंबईहून येणारा पैसा’ या विषयावर गुहागर तालुक्यात मुलाखती घेतोय. एसटीच्या स्टॉपवर उतरून रस्त्यालगतच्या वीस घरांत गेला तर त्याला दुकानदार आणि निवृत्त शिक्षक भेटतील. पाखाडी उतरून खालच्या वाडीत गेल्याशिवाय ज्यांच्याकडे पैसा येतच नाही ती घरं त्याला दिसणार नाहीत. गेला, तरी ओटीवर शेजारी बसलेले असताना "काका, मुलगा महिन्याला किती पाठवतो?" असं विचारलं तर काका जो आकडा सांगतील तो शेजाऱ्यांसाठी असेल. बाकी काय सांगणार बिचारे! म्हणून चांगल्या अभ्यासात घरं कशी निवडली, कोण नाही म्हणालं, प्रश्न कुणाच्या देखत विचारला, हे सगळं लिहावं लागतं. वाचकाला कंटाळवाणी वाटणारी हीच पानं जाणकार सर्वांत आधी वाचतो.

आणखी एक पंचाईत कोकणातल्या छोट्या गावांत हमखास येते. अभ्यासात गावाचं आणि माणसांचं नाव बदलायची पद्धत आहे. मैसूरजवळच्या एका खेड्यावर लिहिताना एम. एन. श्रीनिवासांनी त्याला रामपुरा हे नाव दिलं, ते प्रसिद्धच आहे. पण तीनशे वस्तीच्या गावात ‘गावकीतून बाहेर काढलेलं एक कुटुंब’ एवढं लिहिलं तरी ते घर कुणाचं हे पंचक्रोशीला कळतं. तिथे नाव बदलून काही झाकलं जात नाही. अशा वेळी अभ्यासकाने तो तपशीलच गाळावा, मग लेख थोडा फिका झाला तरी चालेल, असं माझं मत.

आकड्यांचा तक्ता उघडा ठेवण्याचं महत्त्व जगाला पटलं ते एका मोठ्या प्रकरणाने. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं की देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते. सरकारी खर्च कापायला निघालेल्या युरोप-अमेरिकेतल्या नेत्यांनी हा निष्कर्ष उचलून धरला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या मॅसेच्युसेट्समधल्या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून तो हिशेब पुन्हा करून पाहिला. जुळेना. मूळ एक्सेल फाइल मागितली, ती लेखकांनी दिली, आणि त्यात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले निघाले. काही वर्षं गाळली होती, देशांना दिलेलं वजनही वादग्रस्त होतं. सगळं धरून हिशेब केल्यावर जिथे सरासरी वाढ उणे ०.१ टक्का सांगितली होती तिथे २.२ टक्के आली. फाइल दिली नसती तर हे कळलंच नसतं, म्हणून आता अर्थशास्त्रातली पुष्कळ नियतकालिकं लेखासोबत आकड्यांची फाइल मागून घेतात.

कातळशिल्पांची गोष्ट सध्या याच वळणावर आहे. रत्नागिरी, राजापूर, लांज्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, जांभ्यात कोरलेल्या त्या आकृत्या गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या. कुणी पांडवांची म्हणे, कुणी देवाचा खेळ म्हणे. स्थानिक हौशी मंडळींनी सडे पायांखाली घातले, नोंदी केल्या, गावकऱ्यांकडून दगडी बांध घालून घेतले, आणि २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. नऊ ठिकाणं: रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक. विद्यापीठातल्या लोकांच्या आधी चप्पल झिजवली ती याच मंडळींनी, हे कबूल केलंच पाहिजे.

पण ही शिल्पं नेमकी किती वर्षांपूर्वीची, यावर फेसबुकवर दहा हजार, वीस हजार, कधी त्याहून मोठे आकडे बिनधास्त फेकले जातात. अडचण अशी की उघड्या कातळावर कोरलेल्या रेघेत जळकं लाकूड नाही, हाड नाही, म्हणजे कार्बन पद्धतीने थेट मोजण्यासारखं काही नाही. मग आडवाटेने जावं लागतं. जवळपास दगडी हत्यारं मिळतात का, आसपासच्या गुहेत उत्खनन करून थर लावता येतात का, चित्रांत गेंड्यासारखा आज कोकणात नसलेला प्राणी आहे तर तो इथे कधी असू शकेल. यातून मिळतो तो अंदाज, आणि जबाबदार लेखात तो ‘इथपासून इथपर्यंत’ असाच लिहिलेला असतो. बारसूच्या सड्यावर रिफायनरीचा वाद पेटला तेव्हा तिथल्या शिल्पांचं वय हा आंदोलनातला आणि कोर्टकचेरीतला मुद्दा होऊ शकतो, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. अशा वेळी फुगवलेला आकडा पहिल्याच उलटतपासणीत फुटतो आणि शिल्पांचंच नुकसान करतो.

आता पैशाकडे. लेख छापून आला की तो प्रकाशकाच्या संकेतस्थळावर कुलपात जातो. समाजशास्त्रातली आणि इतिहासातली पुष्कळ नियतकालिकं आज सेज, टेलर अँड फ्रान्सिस अशा बड्या परदेशी कंपन्यांकडे आहेत. ग्रंथालय वर्गणी भरत असेल तर फुकट वाचता येतो, नाहीतर एका लेखाला तीस-चाळीस डॉलर. हर्णैच्या कोळणीने मुलाखत दिली, दापोलीच्या बाईंनी सरकारी पगारावर लेख लिहिला, जाणकारांनी फुकट तपासला, आणि हर्णैच्या शाळेतल्या शिक्षकाला तो वाचायचा तर तीन हजार रुपये! दुसरा मार्ग लेखकानेच पैसे भरून लेख खुला करून घेण्याचा. मोठ्या प्रकाशकांकडे ही रक्कम दोन-तीन हजार डॉलरच्या घरात जाते. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’सारखी काही नियतकालिकं या कंपन्यांच्या बाहेर राहून टिकली आहेत, पण ती थोडी.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, आणि केंद्र व राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या ६,३०० हून जास्त संस्थांना प्रवेश. सरकारी महाविद्यालयातल्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे. घरी बसून गावाचा इतिहास लिहिणारा निवृत्त पोस्टमास्तर मात्र अजून दाराबाहेरच.

कुलपाचा धंदा निदान खऱ्या मालाचा. त्याच्या शेजारी खोट्याचा बाजार आहे. "आपला शोधनिबंध ४८ तासांत आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रकाशित, शुल्क फक्त रुपये १५००, प्रमाणपत्रासह" असे मेसेज महाविद्यालयांतल्या प्रत्येक प्राध्यापकाच्या फोनवर येतात. २०१० च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी बढतीसाठी गुणांचं कोष्टक आणलं, प्रत्येक छापील लेखाला गुण मिळू लागले, आणि मागणी आली तिथे दुकान उघडलं. यूजीसीने २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एकदम काढली, मग केअर नावाची नवी यादी केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. आता चांगलं नियतकालिक ओळखण्याचे निकष दिले आहेत आणि ठरवायचं काम संस्थांवर सोपवलं आहे. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांत गेली, ते बरं झालं. रोगाचं मूळ मात्र गुणांच्या कोष्टकातच आहे, असं मला वाटतं.

खोटं ओळखायला फार अक्कल लागत नाही. ‘आयएसएसएन आहे’ याला भुलू नका, तो नुसता नोंदणी क्रमांक, मागेल त्याला मिळतो. एकाच अंकात मराठी संतकाव्य, नॅनो तंत्रज्ञान आणि मत्स्यव्यवसाय शेजारी शेजारी असतील तर ते कुणी तपासलेलं नाही. संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा. आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ मोठ्या टायपात छापला असेल तर तो कुणी दिला ते विचारा. खरा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. गेल्या दोन वर्षांतल्या लेखांचे उल्लेख यंदा किती झाले, यावर तो बेतलेला. इतिहासाला हे माप मुळात बसतच नाही. चिपळूण तालुक्यातून आलेल्या पां. वा. काण्यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड १९३० चा, पाचवा १९६२ चा. त्याचा आधार आजही घेतात. दोन वर्षांच्या खिडकीतून काण्यांकडे बघून काय दिसणार?

चांगलं वाचायला मिळवण्याचे सरळ, कायदेशीर रस्ते आहेत. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट आहेत, मुंबई विद्यापीठाचे कोकणावरचे कितीतरी प्रबंध तिथे सापडतात आणि प्रबंधात लेखापेक्षा कच्चा माल जास्त असतो. जेस्टोर या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. लेखकाला दोन ओळींची ईमेल करा, बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात, कारण आपला लेख कुणी वाचतंय हाच त्यांना सुखद धक्का असतो. रत्नागिरी आणि सावंतवाडीचं १८८० चं गॅझेटियर नेटवर खुलं आहे. ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा की ते इंग्रज अंमलदारांनी मामलेदारांकडून माहिती मागवून लिहिलं, त्यामुळे बंदरातली गलबतं आणि सारा यांचे आकडे कामाचे, पण जातींच्या स्वभावाबद्दलची वाक्यं त्या अंमलदारांबद्दलच जास्त सांगतात.

आणि तुमच्या वाड्यात, देवळात, आगरात काही सापडलं तर शोधनिबंध लिहिलाच पाहिजे असं नाही. दगडावरच्या अक्षरांत खडू, पीठ किंवा शेंदूर भरू नका. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा. दगड हलवण्याआधी तो कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता ते लिहा, गट नंबरासकट. मोडी कागदाची घडी जबरदस्तीने उलगडू नका, सेलोटेप लावू नका, आणि कुणाला वाचायला द्याल तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो काढून, कोणत्या पेटीत कोणत्या कागदाच्या खाली होता त्याची चिठ्ठी त्याच्यासोबतच ठेवा. कागद ज्या रुमालात बांधलेला होता तो रुमालही फेकू नका; बऱ्याचदा त्यावरच कुणीतरी साल लिहून ठेवलेलं असतं.